नायदाचं जावळ

आमच्या बोटीवर मला सगळे ‘डोंगरी’ म्हणतात. नदीकाठच्या लोकांच्या लेखी डोंगरावरची माणसं म्हणजे रडकी, चिकट आणि आंघोळीला भिणारी. मी काही ऐकून घेणारी नाही. “तुम्ही दिवसातून तीनदा डुंबता, तरी अंगाचा माशांचा वास जात नाही,” असं मी इंजिनवाल्या रोहेरला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तेव्हापासून तो माझ्या भटारखान्यात शिरण्याआधी दारावर टकटक करतो.

बोट तशी लहानच. नाउता बंदरातून सुटायचं, नदीच्या फाट्याफाट्यांतून पाच दिवस हिंडायचं, पाहुण्यांना गुलाबी डॉल्फिन, स्लॉथ आणि मगरी दाखवायच्या आणि परत आणून सोडायचं. तिथून ते विमानाने कुस्कोला जातात आणि इंकांचे दगड बघतात. कंपनीने दोन्हींची मिळून एकच सहल केली आहे. आधी प्राणी आणि मग आमच्या या आचारीण हुस्ताचे पूर्वज, असं आमचा कप्तान पाहुण्यांना सांगतो आणि स्वतःच हसतो.

पूर्वज माझे खरेच, कारण मी कुस्कोजवळच्या चिंचेरो गावची. इंकांनी डोंगर कापून जी पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली, त्यांवर आम्ही लहानपणी मेंढ्या चारल्या. आई गेली तेव्हा मी विशीत होते. मागे भाऊ नाही, बहीण नाही. कुस्कोत धुणीभांडी केली, लिमात एका खाणावळीत भाकऱ्यांसारखे दिवस थापले, आणि शेवटी या नदीवर येऊन पडले. लग्न का केलं नाही ते सांगत बसत नाही. विचारणाऱ्यांना मी कांदे चिरायला बसवते.

पण एक गोष्ट माझ्या मनाला चाळिशीनंतर लागली, ती सुटली नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात मेलेली माणसं एक दिवस घरी जेवायला येतात. त्यांच्या नावाने पाव भाजून मांडतात, त्यांना आवडायचं ते कालवण ठेवतात. ज्याच्या नावाने मांडणारं कोणी नाही, तो त्या दिवशी दारोदार हिंडतो आणि कोणी त्याला आत ये म्हणत नाही. मी मेल्यावर माझ्या नावाचा पाव कोण मांडणार? रोहेर मांडणार का? मी मेले तर ही बोट दुसरी आचारीण घेईल आणि पुढच्या फेरीला निघेल.

म्हणून निकोलासाचा फोन आला तेव्हा मी भटारखान्याचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. निकोलासा माझी बालमैत्रीण. आम्ही दोघींनी एकाच मेंढीचं दूध चोरून प्यायलं आहे. तिला उशिरा मुलगी झाली, नाव नायदा. ती म्हणाली, “हुस्ता, पोरीचं जावळ तू काढायचंस. दुसऱ्या कोणाच्या हातात कात्री देणार नाही.”

आमच्याकडे मुलाच्या केसांना जन्मापासून कात्री लावत नाहीत. ज्याच्या हातची कात्री पहिल्या बटेला लागते, तो त्या मुलाचा धर्मबाप किंवा ती धर्मआई. मग बाकीचे एकेक बट कापतात, पण ते नुसते पाहुणे. धर्मआई म्हणजे दुसरी आई. पोरीच्या लग्नात ती पुढे चालणार, पोरीची आई गेली तर ती सांभाळणार, आणि ती स्वतः गेली की पोर तिच्या नावाने पाव मांडणार. मुलीची आई आणि धर्मआई एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या बहिणीच्याही वरचं. निकोलासा त्या दिवसापासूनच मला कोमाद्रे म्हणायला लागली. मी म्हटलं, “अगं, कात्री तरी लागू दे.” ती म्हणाली, “लागलीच समज.”

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एकदा नदीचं पाणी उतरलं आणि बोट गाळात रुतून बसली. एकदा मला ताप भरला. एकदा विमानतळापर्यंत गेले तर कुस्कोत रस्ते बंद, विमानच सुटलं नाही. नायदा मोठी होत गेली आणि तिच्या केसांच्या जटा कमरेला लागल्या. निकोलासाची सासू, दोन्या आसुंता, तोंडाने तिखट. ती म्हणायची, “तुझ्या त्या नदीतल्या मासोळीची वाट बघता बघता पोरीच्या डोक्यात घुबड अंडी घालेल. पाववाल्या एल्व्हिराला बोलव, समोरच राहते.” निकोलासाने दर वेळी तिला थोपवलं. पण मार्चात शाळा सुरू होणार होती आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जटा घेऊन पोरीला बसवून घेणार नाही.

“फेब्रुवारी संपेपर्यंत आलीस तर आलीस,” निकोलासा फोनवर म्हणाली. “नाही तर मला एल्व्हिराला बोलवावं लागेल. रागावू नकोस गं.”

मी रागावले नाही. मी घाबरले.

आणि त्याच आठवड्यात कप्तानाने मला बोलावलं. पाहुण्यांबरोबर कुस्कोला जाणारी आमची पोरगी लग्न ठरवून पळाली होती. “डोंगरी, या फेरीला तू जा पाहुण्यांबरोबर,” तो म्हणाला. “उंचीवर त्यांना चक्कर येते. कोकाच्या पानांचा चहा दे, गोळ्या दे, ऑक्सिजनची बाटली जवळ ठेव. गणवेश घालून जायचं हं, तुमचे ते घागरे नकोत.”

“आणि स्वयंपाक?”

“रोहेर करेल.”

“मग बाटली इथेच ठेवून जाते,” मी म्हटलं.

वरून हसले, पण आत माझं काळीज उड्या मारत होतं. बस चिंचेरोवरून जाते आणि तिथे पाहुण्यांना विणकाम दाखवायला थांबते. मी निकोलासाला कळवलं. ती ओरडलीच. नायदाला तिने फोन दिला, पण पोर लाजली, नुसता श्वास ऐकू आला.

त्या फेरीला पाहुण्यांत एक बाई होती, सिन्योरा मारित, नॉर्वेची. उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांचा अंबाडा. शाळेत स्पॅनिश शिकवून निवृत्त झालेली. दोघांचं आरक्षण केलं होतं, नवरा मध्येच वारला, आणि ती दोघांच्या खोलीत एकटी राहत होती. बाकीचे डॉल्फिन दिसला की ओरडत बोटीच्या पुढच्या टोकाला धावायचे. ही मागच्या बाजूला, माझ्या भटारखान्याच्या दाराशी उभी राहायची. डॉल्फिन बऱ्याचदा मागेच वर यायचे आणि आम्ही दोघीच ते बघायचो. मी कधी तिला तळलेलं केळं द्यायचे. ती फार बोलायची नाही. एकदा म्हणाली, “हुस्ता, तुझ्या घरी कोण आहे?” मी म्हटलं, “होणार आहे. पुढच्या आठवड्यात.” ती हसली, पण तिने पुढे विचारलं नाही. मला ती आवडली होती, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी तिचा द्वेष करते.

कुस्कोला आमचा वाटाड्या होता विल्बेर. शहरी पोरगा, केसांना चापूनचोपून तेल. बसमध्ये बसल्या बसल्या मी त्याला सगळं सांगितलं.

“मावशी, अर्ध्या तासाच्या वर थांबता येणार नाही,” तो म्हणाला. “आगगाडी चुकली तर माचू पिच्चू चुकलं, आणि माचू पिच्चू चुकलं तर माझी नोकरी चुकली.”

“विणकामाच्या अर्ध्या तासातच करते. तुम्ही सूत बघा, मी जाऊन येते.”

“त्यापेक्षा पाहुण्यांनाच घेऊन येतो की. त्यांना असलं काही फार आवडतं. मग थोडा उशीर झाला तरी कोणी बोलणार नाही.”

मी कबूल झाले. कोणी म्हणेल नायदाच्या अंगणात परक्या लोकांना कशाला नेलंस. मला तेव्हा सैतानाला न्यायला सांगितलं असतं तरी नेलं असतं.

माझा घागरा, कोपरापर्यंतचं लाल जाकीट, शाल आणि टोपी, असा चिंचेरोच्या बाईचा सगळा पोशाख मी बॅगेत घडी करून आणला होता. विणकामाच्या घरात कपडे बदलायचे असं ठरवलं होतं. चिंचेरोला उतरले आणि बसच्या पोटात हात घातला तर पोट रिकामं. सामान सकाळीच दुसऱ्या गाडीने थेट हॉटेलवर, ओयांतायतांबोला गेलेलं. पाहुण्यांसाठी दर फेरीला तसंच करतात, आणि मी कधी पाहुण्यांबरोबर गेले नव्हते तर मला कसं कळणार? फक्त नायदाचे नवे बूट माझ्या पाठीवरच्या पिशवीत होते. अंगावर खाकी विजार, निळं जाकीट, त्यावर कंपनीचा डॉल्फिन. आणि डोक्यावर आखूड केस, कारण भटारखान्याच्या उकाड्यात वेण्या ठेवता येत नाहीत, त्या मी केव्हाच कापल्या होत्या.

“असू दे,” मी स्वतःला म्हटलं. “केस पोरीचे कापायचेत, माझे कोण बघतंय.”

विणकामाच्या घरात बायकांनी पाहुण्यांना आपले कपडे चढवायला सुरुवात केली होती. हा त्यांचा रोजचा खेळ, मग पाहुणे फोटो काढतात आणि शाली विकत घेतात. मारितबाईंना तर त्यांनी नखशिखान्त नटवलं. घागरा तिच्या गुडघ्यांवरच थांबला, पण जाकीट बसलं, शाल बसली. तिचा अंबाडा सोडून दोन वेण्या घातल्या, टोकाला काळी लोकर गुंफली, वर झालरीची टोपी. “बघा, ही आमच्यातलीच!” असं म्हणून बायका खिदळत होत्या. तिलाही मजा वाटत होती. त्या प्रवासात ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली. तशीच त्या कपड्यांत ती आमच्याबरोबर निघाली.

वाटेत मीच सगळ्यांना समजावलं आणि विल्बेरने त्यांच्या भाषेत सांगितलं. “म्हातारे आजोबा थाळी उचलतील, त्यात कात्री असेल. थाळी उचलल्यापासून पहिली बट पडेपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं तर पोरीची जीभ जड होते, असं आमच्यात मानतात. आणि कोणी काही पुढे केलं तर नको म्हणायचं नाही. आमच्याकडे नकार फार लागतो.” सगळ्यांनी मुंड्या हलवल्या. मारितबाईने तर शाळेतल्या पोरासारखी हाताची घडी घातली.

निकोलासाच्या अंगणाच्या मागे इंकांची भिंत आहे आणि भिंतीखाली पायऱ्यांची शेतं. नायदाला घोंगडीवर बसवलं होतं. जटांचे पुंजके करून प्रत्येकाला रंगीत लोकरीची गाठ बांधली होती. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी विजारीतच गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, “मी हुस्ता.” ती म्हणाली, “माहीत आहे. फोनमधली.” आणि माझ्या जाकिटावरच्या डॉल्फिनला तिने बोट लावलं.

निकोलासाने मला कवटाळलं. “कोमाद्रे! हे काय गं, कंडक्टर झालीस?” तिचे डोळे पाणावले होते, माझेही. “चिचा घेऊन येते, मग सुरू करू,” म्हणून ती मक्याची ती दारू आणायला आत गेली.

तेवढ्यात विल्बेरची हाक आली, “मावशी, ऑक्सिजन!” बेल्जियमचे एक दाढीवाले आजोबा भिंतीला टेकून पांढरेफटक पडले होते. बाटली बसमध्ये, बस खालच्या चौकात. माझं काम होतं ते, जायला हवं होतं. “मी येईपर्यंत सुरू करू नका,” असं मी दारातूनच ओरडले. कोणाला ऐकू गेलं, देव जाणे. मी धावत सुटले.

नेमकं तेव्हाच डोंगरामागून काळे ढग आले. दोन्या आसुंता ओरडली की पाऊस येतोय, आवरा. आणि नायदाच्या आजोबांनी, तायता मेल्चोर यांनी, थाळी उचलली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना माणसं दिसतात ती रंगाच्या ठिपक्यांसारखी. धर्मआई लांबून आली आहे एवढं त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या डोक्यात मी होते ती लांब वेण्यांची, लाल जाकिटातली हुस्ता.

मी बाटली घेऊन फाटकातून आत शिरले तर अंगण चिडीचूप. थाळी हवेत. निकोलासा चिचाचा तांब्या घेऊन दारात थिजलेली. तायता अंगण ओलांडून चालले होते, सरळ मारितबाईंकडे.

मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. दोन्ही हात पुढे केले, एका हातात ती बाटली तशीच. बोलता येत नव्हतं. ते थांबले. त्यांनी एक हात थाळीवरून काढून माझ्या खांद्यावर ठेवला आणि वेणी चाचपली. वेणी नव्हती. जाकिटाचं गुळगुळीत कापड चाचपलं, पत्र्याची बाटली चाचपली. मग त्यांनी मला हळूच, कोणी वाटेतल्या वासराला सारावं तसं, बाजूला सारलं आणि ते पुढे गेले.

मारितबाईंची वेणी त्यांना सापडली. ते तिच्यापुढे वाकले आणि त्यांनी थाळी वर धरली.

ती गोंधळली. तिने तायतांकडे बघितलं, नायदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे विचारत होते, घेऊ का? मी नुसती मान आडवी हलवली असती तरी तिने हात मागे घेतले असते. पण धर्मआईने थाळी परतवली, असं आमच्या गावात एकदाच घडलं होतं, माझ्या लहानपणी. त्या पोराला पुढे कोणी नावाने ओळखलंच नाही. ‘परतवलेला’ म्हणायचे. त्याचं लग्न झालं नाही, आणि तो मेला तेव्हाही लोक म्हणाले, परतवलेला गेला. नायदा घोंगडीवर ताठ बसली होती आणि थाळीकडे डोळे लावून बघत होती.

मी मान खाली घातली. मारितबाईंना तो होकार वाटला.

कात्रीचा आवाज मला ऐकू आला. एवढ्या शांततेत न ऐकून कुठे जाईन?

मग एकदम सगळे बोलू लागले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्या आसुंता म्हणाली, “झालं! कात्री लागली, नातं लागलं. एल्व्हिरा तरी समोर राहते, ही कुठे राहते विचारा!” तायतांना कोणीतरी कानात सांगितलं. म्हातारा थाळी घेऊन तसाच मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, “तायता, चूक तुमची नाही. मीच ओळखू येण्यासारखी राहिले नाही.”

बाटली मी बेल्जियमच्या आजोबांकडे पोचवली, तोच निकोलासाने मला घराआड ओढलं. “ती बट बाजूला ठेवते,” ती घाईघाईने म्हणाली. “ही माणसं गेली की पुन्हा करू. तू उद्या ये, परवा ये. कोणाला कळतंय?”

“पोरीला कळतंय.”

“लहान आहे गं ती.”

“आणि तुला? आणि मला? पहिली बट दोनदा उगवत नाही, निकोलासा.”

“तुझ्या या ताठपणापायीच तू एकटी राहिलीस!” ती बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. “माफ कर, कोमा…” ती अडली. मग म्हणाली, “माफ कर, हुस्ता.”

खरं तर माझ्या मनात होकार आलाच होता. अगदी ओठांवर. पण चोरून मिळवलेली पोर माझ्या नावाने पाव मांडताना काय मनात आणेल? मी अंगणात परत गेले. पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा मानेमागची एक बट कापली, निळ्या लोकरीची गाठ असलेली. धर्मआईने पोरीला नवं काहीतरी घालायचं असतं. मी पिशवीतले बूट काढून मारितबाईंच्या हातात दिले. “तुम्ही घाला तिच्या पायात,” मी म्हटलं. तिला वाटलं, मी तिला मजेत सामील करून घेते आहे. ती चिखलात गुडघे टेकून बसली आणि तिने एकेक बूट नीट चढवला. नायदा तिच्या खांद्याला धरून उभी राहिली. बूट मापाचे निघाले.

बस सुटली. पाऊस काचांवर आपटत होता. पाहुणे फोटो एकमेकांना दाखवत होते आणि विल्बेर माझ्याकडे बघायचं टाळत होता. मारितबाई माझ्या शेजारी येऊन बसली. कपडे परत करून आली होती, पण वेण्या तशाच होत्या.

“हुस्ता, ते आजोबा का रडत होते?”

“वय झालंय त्यांचं.”

“मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय,” ती म्हणाली. “खोटं बोलणारं तोंड मला कळतं. मी काहीतरी चुकीचं केलं ना?”

मला राग आला. तिचा नाही. विल्बेरचा, त्या सामानाच्या गाडीचा, बेल्जियमच्या आजोबांच्या फुप्फुसांचा. आणि रागाच्या भरात मी सगळं सांगून टाकलं. कात्री, पहिली बट, धर्मआई. माझी वेणी. पाव. एकही शब्द गाळला नाही.

ती पांढरी पडली. “गाडी वळवायला सांग,” ती उठायलाच लागली. “मी परत जाते. सांगते त्यांना, हे हुस्ताचं आहे, मला माहीत नव्हतं. मी परत देते.”

“बसा. ते परत देता येत नाही.”

“का नाही?”

“तुमच्याकडे आई परत देता येते का?”

ती बसली. मला वाटलं, आता पर्स उघडेल, काहीतरी देऊ करेल, मग मी तिला नक्की काहीतरी लागट बोलेन. पण तिने पर्स उघडली नाही. दोन्ही वेण्या हातात धरून बसली.

“म्हणजे त्या मुलीला मी आहे,” ती म्हणाली. “आणि मी मेले तर ती माझ्या नावाने…”

“मांडेल. निकोलासा तिला विसरू देणार नाही.”

“मला मूल नाही, हुस्ता. माझा एव्हाल्ड गेल्यावर मी घर विकायला काढलं. मला वाटलं होतं, हा शेवटचा प्रवास, आता कुठे पुन्हा जायचं नाही.” तिचा चेहरा रडका होता आणि त्यातून एक आनंद बाहेर पडायला बघत होता. तो ती माझ्यापासून लपवू पाहत होती. लपत नव्हता. “मला यावं लागेल. शाळा सुरू होईल तेव्हा. लग्नात. हो ना? यावंच लागेल.”

“यावंच लागेल,” मी म्हटलं. मघाशी तिचा हेवा वाटला नव्हता. आता वाटला.

“तुझी मी माफी…” ती म्हणाली.

“नको. काही म्हणू नका.”

बस उतारावरून वळणं घेत खाली चालली होती. मग ती भीत भीत म्हणाली, “तिला मी काय म्हणायचं? तिच्या भाषेत? धर्मआई काय म्हणते?”

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. विल्बेरनेही सांगितलं असतं. पण तो शहरी, त्याच्या तोंडी तो शब्द लिंबाच्या सालीसारखा कोरडा. आणि पोरीचा काय दोष? तिला नीट हाक मारणारी कोणीतरी हवी.

“वावल्याय,” मी म्हटलं. “म्हणजे माझं लेकरू.”

“वावल्याय,” ती म्हणाली. हजेरी घेतात तशी.

“असं नाही. हे बोलावण्यासाठी नसतं. ती आधीच मांडीवर आलेली असते, तेव्हा म्हणायचं.”

तिने पुन्हा म्हटलं. थोडं बरं, पण तरीही बाकावर बसवल्यासारखं.

“तू म्हणून दाखव ना,” ती म्हणाली. “सावकाश.”

मी खिडकीकडे तोंड केलं. “वावल्याय.”

“आणखी एकदा.”

“वावल्याय.”

ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलवत होती. मी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा, तिला जमेपर्यंत. आमच्या घरी शेवटचा हा शब्द माझ्या आईने मला म्हटला होता. माझ्या तोंडून तो आयुष्यात पहिल्यांदाच निघत होता, आणि घ्यायला माझ्या मांडीवर कोणी नव्हतं.